नातीसाठी फाडलेलं धोतर

मी एक जुनं धोतर आहे. खरं तर आता मला धोतर म्हणणंही जरा धाडसाचंच आहे, कारण माझ्या लांबीरुंदीतलं फारसं काही उरलेलं नाही. थोड्या पट्ट्या, दोन झबली आणि हातरुमालाएवढे काही तुकडे, एवढाच आता माझा पसारा. पण मित्रांनो, माझं आयुष्य वाया गेलं असं मात्र समजू नका. ते कसं गेलं, तेच तुम्हाला सांगायचं आहे.

वर्धा जिल्ह्यातल्या काळ्या मातीत मी कापूस होऊन फुटलो. पवनारला, धाम नदीपासून थोडं आत, एक लहानसं विणकाम केंद्र होतं. तिथल्या शकुबाईंच्या हातमागावर मी विणला गेलो. मागावरून उतरवल्यावर त्यांनी माझं टोक चिमटीत धरलं आणि शेजारच्या बाईला म्हणाल्या, "आता कडक वाटते हे, पण धुऊन धुऊन लोण्यावानी होईन, पाहजो."

आंजी मोठी या गावच्या महादेवरावांनी मला विकत घेतलं. ते शेतकरी गडी. रोजच्या कामाला त्यांची जाडीभरडी धोतरं वेगळी होती. मी होतो बाजाराच्या दिवसाचा, लग्नाकार्याचा. त्यांच्या पत्नी आनंदाबाई मला स्वतः धूत. मला त्यांनी कधी दगडावर आपटलं नाही. साबण पुरता निघेपर्यंत त्या मला खळबळून काढत आणि सावलीत वाळवत. लोक महादेवरावांना म्हणत, "काय पांढरंशुभ्र धोतर हाय तुमचं!" तेव्हा मीही मनातून फुगत असे.

पुढे आनंदाबाई गेल्या. महादेवरावांचे गुडघे दुखू लागले आणि त्यांनी पायजमा धरला. मला घडी करून माजघरातल्या उघड्या फळीवर ठेवलं गेलं. तिथं माझ्यावर धूळ बसली. दसऱ्याला झटकायचं आणि पुन्हा ठेवायचं, एवढाच माझा वापर राहिला. पण त्या फळीवरून मला सगळं घर दिसत असे. म्हणूनच जुईची गोष्ट मी पहिल्यापासून पाहिली.

जुई ही महादेवरावांची नात. मुलगा कैलास शेती पाही. सून छाया वर्ध्याच्या एका पतसंस्थेत नोकरीला होती. ती सकाळच्या बसनं जायची आणि दिवसभर लेकरू आजोबांजवळ असायचं. आजोबांचा तिच्यावर फार जीव. पण जुई रांगायला लागायच्या आधीच तिचे गाल लाल होऊन तडतडू लागले. मग कोपराच्या आतल्या घड्या, मग गुडघ्यांच्या मागची बाजू. कातडी पॉलिश पेपरसारखी खरखरीत झाली. ती सारखी खाजवायची, आईच्या खांद्यावर गाल घासायची. खाजवून खाजवून रक्त निघे. तिला झोप नाही, म्हणून घरात कोणालाच झोप नाही.

मग सुरू झाला दोषी शोधायचा उद्योग. येणारा प्रत्येक माणूस एक नवा दोषी सांगून जाई. कोणी म्हणालं, "अंडं नोका देऊ, उष्ण पडते." कोणी म्हणालं, "तुरीची डाळ बंद करा." मग दूध गेलं, दही गेलं, वांगं गेलं, गहूसुद्धा गेला. महादेवराव भाबडे. ज्यानं जे सांगितलं ते त्यांनी नातीच्या ताटातून काढून घेतलं. शेवटी त्या ताटात भात आणि मुगाचं पाणी एवढंच उरलं. जुई वाळत चालली आणि खाज होती तशीच राहिली.

महादेवरावांची थोरली बहीण कोकिळाबाई कारंजा घाडग्याला दिलेली. त्या एकदा आल्या आणि छायाला विचारू लागल्या, "पोटुशी होती तवा तूनं काय काय खाल्लं होतं वं?" त्या दिवशी छायानं भांडी जरा जोरानंच घासली.

या सगळ्या गोंधळात एक गोष्ट मात्र खरी घडली होती. संक्रांतीला शेजारच्या मुलीनं जुईच्या हातात शेंगदाण्याच्या चिक्कीचा तुकडा दिला. लगेच तिचे ओठ सुजले आणि तोंडावर गांधी उठल्या. काही वेळानं ते ओसरलं. पण एवढ्या दोषींच्या गर्दीत ती गोष्ट हरवून गेली. घरातले सगळेच ती विसरले.

कोकिळाबाईंचे यजमान बबनराव यांना झाडपाल्याची हौस होती. त्यांनी महादेवरावांना फोनवर एक उपाय सांगितला. कडुनिंबाचा पाला आणि लसूण वाटून लेप लावायचा. एका सकाळी छाया बसला गेली, कैलास वावरात गेला आणि महादेवराव पाला वाटायला पाट्यासमोर बसले. जुई शेजारी बसून पाल्याच्या काड्यांशी खेळत होती. "थोडंसं चुनचुन करन बाप्पा, मंग कसं थंड वाटन पाहजो," असं म्हणत त्यांनी तिच्या गुडघ्यांच्या मागे लेप थापला.

आधी ती कुरकुरली. मग अशी किंचाळली, की शेजारचे अण्णाजी धावत आले. औषध लागू पडून राह्यलं असेल, असं महादेवरावांना वाटलं आणि ते थोडा वेळ थांबले. तेवढा वेळ फार झाला. त्यांनी लेप धुऊन काढला तेव्हा खाली कातडी भाजल्यासारखी लालबुंद झाली होती. संध्याकाळपर्यंत तिच्यावर फोड आले.

छाया घरी आली. तिनं लेकराचे पाय पाहिले.

"मामाजी, काय लावलं हे?"

"बबनरावानं सांगतलं होतं..." एवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

ती ओरडली नाही. तिनं जुईला त्यांच्या मांडीवरून उचललं आणि आतल्या खोलीत नेलं. ती ओरडली असती तर त्यांना बरं वाटलं असतं. ते तसेच पाट्यासमोर बसून राहिले.

फोड फुटले, त्यांत पू झाला, अंगात ताप भरला. वर्ध्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरलं. कैलासनं गावातला ऑटो बोलावला. पण जुईला गुंडाळायचं कशात? चादर लागली की ती रडे, टॉवेल लागला की रडे. तेव्हा महादेवरावांनी फळीवर हात घालून मला काढलं, झटकलं आणि छायापुढे धरलं. त्या तापलेल्या अंगाभोवती मी पहिल्यांदाच गेलो. जुई हुंदके देत होती, पण मला तिनं झिडकारलं नाही.

दवाखान्यातल्या डॉक्टरबाई शांत होत्या. त्यांनी जखमा पाहिल्या आणि विचारलं, "हे काय लावलं होतं? कोणी लावलं?"

दाराशी उभे असलेले महादेवराव पुढे आले. "म्या लावलं, बाई. मीच."

डॉक्टरबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "बसा, आजोबा. जखम भरून येईल. पण पुढचं नीट ऐका." त्यांनी सांगितलं, "याला एक्झिमा म्हणतात. जुनी माणसं इसब म्हणायची. मातीच्या भिंतीतल्या विटांमधला गारा निघून गेला तर काय होतं? आतली ओल उडते आणि बाहेरचं सगळं आत शिरतं. हिची कातडी तशी आहे. जन्मतःच तशी आहे. तो गारा आपण रोज बाहेरून भरायचा. आधी जंतू आटोक्यात आणू, मग ते शिकवते."

मग त्यांनी जुईचं वजन केलं. ती काय खाते ते विचारलं. छायानं बंद केलेल्या गोष्टी सांगायला सुरुवात केली. ऐकता ऐकता डॉक्टरबाईंचं लिहिणं थांबलं.

"मग ही खाते काय?"

"भात. अन् मुगाचं पाणी."

"अहो, या लेकराला खाज आहे, आणि वरून तुम्ही उपासही घडवताय! मला एक सांगा, काही खाल्ल्याबरोबर लगेच ओठ सुजले, अंगावर पित्त उठलं, उलटी झाली, असं कधी झालं का?"

छाया विचार करू लागली. एकदम तिचा चेहरा बदलला. "झालं होतं, मॅडम! संक्रांतीले. चिक्की खाल्ली होती तिनं."

मग तपासण्या झाल्या. शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी खरीच निघाली. शेंगदाणा पूर्ण बंद, तेलातला, चटणीतला, कुटातलासुद्धा. चुकून पोटात गेला आणि ओठ सुजले, श्वास लागला, तर घरी वाट पाहत बसायचं नाही, तडक दवाखाना गाठायचा. बाकीचं अन्न मात्र एकेक करून, त्यांच्या देखरेखीखाली, पुन्हा ताटात आणायचं.

"म्हणजे बाई, हे बरं होणारच नाई?" महादेवरावांनी विचारलं.

"पुष्कळ मुलांचं वाढत्या वयात कमी होतं. काहींचं राहतं. पण रोज सांभाळलं तर आटोक्यात राहतं, आजोबा. दोषी शोधणं सोडा. सांभाळायला शिका." उठता उठता त्यांनी मला बोटांत धरून पाहिलं. "आणि हे कापड फार छान आहे. जखम भरली की खाज जास्त असेल तेव्हा ओल्या पट्ट्या बांधायला लागतील. असंच जुनं, मऊ, सुती कापड हवं."

घरी परतल्यावर छायानं कैलासला सांगितलं, "मी काई दिवस कामावर जात नाई. बहुतेक सोडूनच देतो नोकरी. लेकराले कोणाच्या भरोशावर ठेवू?"

तिनं हे हळू आवाजात सांगितलं होतं. पण महादेवराव ओसरीवरच बसलेले होते आणि त्यांना ते ऐकू गेलं. त्यानंतर ते जुईजवळ गेले नाहीत. ती "आबाजी, आबाजी" करत दारापर्यंत यायची आणि ते दुसरीकडे पाहायचे. मित्रांनो, मी अनेक वर्षं त्या माणसाच्या अंगावर होतो. वावरात गारपीट झाली तेव्हाही त्यांचे खांदे असे पडलेले मी पाहिले नव्हते.

औषधानं जखमा सुकल्या. खाज मात्र उसळून आली. डॉक्टरबाईंनी आता पट्ट्या सुरू करायला सांगितलं. छाया घरभर कापड शोधू लागली. साड्या सगळ्या सिंथेटिक, चादरी टेरीकॉटच्या, नवं मांजरपाट कापड घ्यावं तर ते खरखरीत. दवाखान्यातून आल्यावर धुऊन ठेवलेला मी फळीवर समोरच होतो. तिचा हात माझ्याजवळ येऊन दोनदा मागे गेला.

तेव्हा महादेवराव आत आले. त्यांच्या हातात कात्री होती. त्यांनी मला खाली काढलं.

"हे फाड."

"मामाजी, सासूबाईनं सांभाळलेलं हाय हे."

"तिनंच तं एवढं मऊ केलं," ते म्हणाले. मग मला तिच्यापुढे धरून, "छाया, म्या चूक केली. माफ कर म्हणाचं तोंड नाई माह्यं. पण मले शिकव. तू सांगशीन तसंच करीन, एक बोट इकडचं तिकडं नाई. नोकरी नोको सोडू."

छायानं माझं दुसरं टोक धरलं. "तुमी कात्रीनं सुरुवात करा, मंग मी फाडतो."

खरं सांगतो, मला भीती वाटली. कात्री काठाला लागली आणि मग चर्र असा आवाज झाला. तोवर मी अखंड होतो. पण त्या दोघांनी मला दोन्हीकडून धरलेलं होतं आणि कितीतरी दिवसांनी ती दोघं एकमेकांशी बोलत होती. त्यामुळे ते फाटणं मला फार दुखलं नाही.

मग महादेवरावांची शाळा सुरू झाली. अंघोळीचं पाणी मनगटाच्या आतल्या बाजूला लावून पाहायचं, ते कोमटच हवं. अंघोळ लवकर आटपायची. घासायचं नाही, उटणं नाही, वासाचा साबण नाही. मग माझ्या मोठ्या तुकड्यानं अंग नुसतं टिपायचं आणि ओल असतानाच साधं मलम भरपूर लावायचं. औषधाचं मलम वेगळं. ते फक्त लाल चट्ट्यांवर, आणि डॉक्टरबाई सांगतील तितकेच दिवस. त्यानंतर माझी ओली पिळलेली पट्टी, तिच्यावर माझीच कोरडी पट्टी. नखं नेहमी कापलेली, आणि अंगात माझ्याच उरलेल्या कापडाचं झबलं.

नांगर धरून राठ झालेला तो हात पहिल्यांदा मलम लावताना सवयीनं रगडू लागला. छाया म्हणाली, "रगडू नोका, मामाजी. वरून खाली, नुसतं फिरवा." त्यांनी तसं केलं. जुई खुदकन हसली. पायाला पट्टी गुंडाळताना ते तिला म्हणाले, "हे पाह्य, तुले धोतर नेसवून राह्यलो." तेव्हापासून त्या पट्ट्यांचं नाव धोतरच पडलं. अंघोळ झाली की ती पाय पसरून बसायची आणि हुकूम सोडायची, "आबाजी, धोतर!"

गावातल्या एका लग्नात कोणीतरी महादेवरावांना टोकलं, "काऊन जी, लग्नातही पायजमा? ते मऊसूत धोतर कुठं गेलं?"

"नातीनं नेसलं," ते म्हणाले आणि पंगतीकडे चालू लागले.

काही दिवस छाया स्वयंपाकघराच्या दारातून त्यांचे हात पाहत राहिली. एका सकाळी तिनं पर्स खांद्याला लावली.

"मामाजी, मी येतो जाऊन. काई वाटलं तं फोन करजा."

"जा तू. बस निघून जाईन."

ती गेली. ते जुईला कडेवर घेऊन फाटकापर्यंत आले होते. बस दिसेनाशी झाली तरी तिथंच उभे होते.

पण मित्रांनो, हा आजार एकदा घालवला की गेला, असा नसतो. हिवाळा आला, हवा कोरडी पडली आणि जुईचे कोपर पुन्हा लाल झाले. नेमक्या त्याच दिवसांत तिच्या तिसऱ्या वाढदिवसाला कोकिळाबाई कारंज्याहून आल्या. येताना त्यांनी शेंगदाण्याचे लाडू आणले होते आणि बबनरावांनी दिलेली लेपाची डबीही.

जुईचा हात पाहून त्या म्हणाल्या, "पाह्य महादेवा, तुह्या दवाखान्यानं काय केलं? पुन्हा आलंच न? हा लेप नवा हाय, यात लसूण नाई. लाव." आणि दुसऱ्या हातानं त्यांनी जुईच्या मुठीत लाडू दिला.

महादेवराव पाण्याचं भांडं घेऊन मोरीपाशी होते. जुईनं लाडू तोंडाकडे नेला नाही. तळहातावर ठेवून ती त्यांच्याकडे वळली. "आबाजी, हे मले चालते का?"

भांडं तिथंच टाकून ते आले. त्यांनी लाडू काढून घेतला आणि आधी तिचे हात धुतले. "नाई बाई, हे तुले चालत नाई. शाबास, इचारलं तूनं." मग ते बहिणीकडे वळले. थोरल्या बहिणीला त्यांनी जन्मात उलट शब्द बोललेला नव्हता.

"बाई, लाडू परत ठेव. अन् ती डबीही ठेव. बबनरावाच्या मनात वाईट नाई, मले ठाऊक हाय. माह्याही मनात वाईट नव्हतं. तरी लेकरू भाजलं."

"मंग हे काऊन होते पुन्हा पुन्हा? कोणाची चूक हाय?"

"कोणाचीच नाई. ना हिची, ना हिच्या मायची, ना खाण्यापिण्याची. चामडी तशी हाय. हिवाळ्यात वाढते, आमी जास्त जपतो, कमी होते. बस, एवढंच."

छाया तेव्हाच वर्ध्याहून आली होती. चप्पल काढता काढता तिनं हे सगळं ऐकलं. ती आत आली, पर्स खुंटीला अडकवली आणि म्हणाली, "आत्याबाई, च्या ठेवू का?" कोकिळाबाईंनी लाडवांचा डबा पिशवीत घातला. थोड्या वेळानं त्यांनीच विचारलं, "मंग पोरीले चालते तरी काय गोड?" गहू तोवर जुईच्या ताटात परत आला होता, म्हणून त्या दिवशी रव्याचा शिरा झाला आणि जुईनं तो वाटी चाटूनपुसून खाल्ला.

हिवाळा सरला. एका सकाळी अंघोळीनंतर महादेवरावांनी माझी पट्टी पाण्यात भिजवून पिळली. जुईनं हात पुढे केला. त्यांनी बोटाच्या मागच्या बाजूनं तिच्या कोपराची घडी चाचपली, मग गुडघ्याची. कुठं लाली नव्हती, खरखर नव्हती.

"आज धोतर नाई लागत."

"काऊन?"

"चामडी शहाणी झाली तुही."

क्षणभर ती हिरमुसली. मग बाहेर पोरांचा आवाज आला तशी उघडीच पळत सुटली. "अवं, मलम तं लावू दे!" महादेवराव हाका मारत तिच्यामागे गेले, आणि अंगणात गाठून, पळता पळता, तिच्या पाठीवर त्यांनी मलम फासलंच.

मी भांड्याच्या काठावर ओलाच पडून होतो. त्या दिवशी माझं काही काम नव्हतं, आणि काम नसल्याचा असा आनंद मला आयुष्यात पहिल्यांदाच झाला.

मित्रांनो, तुमच्या वर्गात, तुमच्या शेजारी जुईसारखं एखादं लेकरू असेल. त्याची खाज तुम्हाला लागत नाही, तेव्हा त्याच्या शेजारी खुशाल बसा. डबा उघडाल तेव्हा त्याला काय चालतं, ते आधी विचारा. घरातल्या मोठ्या माणसांनाही माझा निरोप सांगा, की ज्याची कातडी नाजूक आहे त्याला दोष नको, उपास नको, झणझणीत लेपही नको. त्याला हलका हात हवा, आणि तो रोज हवा.